शेवटचा इन्फ्रारेड रोल आणि शालनाक्कांचं मीठ

शेवटी मी नेमगोंडा आप्पांच्या समोर खुर्चीवर बसलो, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सांगून टाकलं, की रोल फ्रीजमुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला.

आता हे वाक्य विसरा. मी काही सांगितलेलं नाही, मी त्या खुर्चीवर बसलेलो नाही, आणि आप्पांच्या घरात खुर्चीच नाही असं धरून चला. मी निपाणीतला एक सज्जन मुलगा. नाव श्रेयस, वय सव्वीस, धंदा लग्नाचे व्हिडिओ आणि ड्रोन. ड्रोननं मी एका नवरदेवाचा फेटा उडवला होता, पण ते प्रकरण मिटलंय. त्याबद्दल मला काहीही वाटत नाही. जे वाटतं ते सगळं या दुसऱ्या प्रकरणाबद्दल वाटतं.

आमच्याच गल्लीत नेमगोंडा आप्पा राहतात. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या जुन्या अल्बमांत जेवढ्या नवऱ्या मान वर करून बसल्यात, तेवढ्या आप्पांनी "मान वर घे गं बाळ" म्हटलं म्हणून बसल्यात. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आप्पा घरी असतात आणि मला फिल्मवर फोटो काढायला शिकवतात. मी त्यांना शिकवणी म्हणून काही देत नाही, आणि पुढं जे घडलं ते बघता तेच बरं.

आप्पांच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, इन्फ्रारेड फिल्मचा एक रोल होता. एकच. तारीख केव्हाच उलटून गेलेली. ही फिल्म आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड पकडते. हिरवं पान तो उजेड पोटात ठेवत नाही, भसाभस परत फेकतं. त्यामुळे फोटोत झाड पांढरंफेक येतं, जसं काही सगळ्या फांद्यांना कापूस फुटलाय, आणि वरचं आभाळ तव्यासारखं काळं. माणसाचा चेहरा मेणाचा दिसतो. आप्पांनी शहाण्णव साली चिकोडी रोडवरच्या नांदुर्कीच्या झाडाचा असा एक फोटो काढला होता. स्टुडिओत तो फ्रेम करून लावलेला असायचा आणि गिऱ्हाइकं विचारायची, "हे काश्मिरातलं व्हय?" आप्पा म्हणायचे, "न्हाय, वखारीसमोरचं." पुढं फ्रेम, फोटो आणि निगेटिव्ह असं तिन्ही वाळवीनं खाल्लं. वाळवीनं स्टुडिओत दुसऱ्या कशालाही तोंड लावलं नाही. आप्पांना त्यात तिची पारख दिसते.

तर त्या नांदुर्कीच्या बुंध्यावर गेल्या पावसाळ्यात कुणीतरी चुन्यानं नंबर घातला. १४७. रस्ता रुंद होणार, झाड जाणार. झाडाखाली नागुबाईचा चहाचा गाडा. ती तिथं तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना चहा देत म्हातारी झाली. ती आप्पांना म्हणाली, "आप्पा, ते पांढरं झाड परत एकदा काढा की. ह्या बारीला मलाबी त्यात घ्या."

आप्पांनी त्याच दिवशी ठरवलं. फ्रीजमधला रोल त्याच झाडासाठी थांबलाय असं त्यांचं मत पडलं. अडचण एकच होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि बेळगावात कॅम्पातल्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख झाड तोडायच्या तारखेनंतरची मिळालेली.

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "डोळे तुझे, अक्कल माझी."

ही वाटणी मला मान्य होती. अजून आहे.

आता एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती मध्येच घडली. खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मी माझे कॅमेरे, ड्रोन, लायटी, तिपाया आणि मोटरसायकल मांडली. आप्पांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी त्यांचा जुना कॅमेराही माझ्याकडं पाठवला आणि बजावलं, "हार घाल. हळदीकुंकू लावायचं न्हाय. लेन्सच्या खाचंत बसलं की निघत न्हाय."

मी हार घातला. मग बघितलं, तर सगळ्या हत्यारांच्या कपाळाला कुंकू आणि तो एकटा बोडका. मोटरसायकलच्या हेडलाइटला कुंकू, एक्स्टेंशन बोर्डाला कुंकू, आणि चाळीस वर्षं राबलेल्या कॅमेऱ्याला नाही. मला कसंतरी झालं. मी करंगळीनं एक टिकली, अगदी हरभऱ्याएवढी, लेन्सच्या न फिरणाऱ्या कड्यावर ठेवली. आकड्यांच्या बाजूला, जिथं काचेला धक्का लागणार नाही. दुसऱ्या दिवशी पुसायची असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता, लग्नाच्या तीन सुपाऱ्या आल्या, आणि मी विसरलो.

रोल भरायचा दिवस. ही फिल्म साध्या फिल्मसारखी दुकानाच्या सावलीत उभं राहून भरता येत नाही. डबीच्या तोंडाला जी मखमल असते, तिच्यातनंही हा उजेड आत झिरपतो. पूर्ण काळोखात डबी उघडायची, काळोखात भरायची आणि काळोखातच काढायची. त्याआधी रोल तीन तास फ्रीजच्या बाहेर ठेवायचा, नाहीतर फिल्मला घाम फुटतो. तो तीन तास देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. शालनाक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, दर अर्ध्या तासानं येऊन बघून जात होत्या.

"फिल्मला घाम येऊ ने म्हणून तीन तास," त्या म्हणाल्या. "मी चुलीपुढं चाळीस वर्सं हाय. मला कुणी इचारलं न्हाय."

आप्पांची डार्करूम आता शालनाक्कांची लोणच्या-पापडाची खोली आहे. दाराच्या फटीला वाकळ लावली, खिडकीला घोंगडं आणि घोंगड्यावर परत वाकळ. मोबाईल घराबाहेर ठेवले. एवढं झाल्यावर आप्पांना टीव्हीचा रिमोट आठवला.

"रिमोटातनं ह्योच उजेड निघतोय," ते म्हणाले. "कुणी एक बटन दाबलं की खेळ खलास."

"आप्पा, मधी भिंती हायत."

"भिंतीचा मला भरवसा न्हाय."

"गल्लीतल्या भिंतीबी?"

"आपल्या गल्लीतल्या तर न्हायच न्हाय. बांधताना कुणी सिमेंट खाल्लंय मला म्हायती हाय."

मी पिशवी घेऊन अकरा घरं फिरलो आणि रिमोट गोळा केले. एका आजीनं रिमोट द्यायला नकार दिला, फक्त त्यातले सेल काढून दिले आणि पावती मागितली. मी लिहून दिली.

मग काळोखात आप्पांनी रोल भरला. तिथं माझे डोळेही बिनकामाचे होते, पण आप्पांच्या बोटांना मोतीबिंदू झालेला नव्हता. करकर आवाज आला, खट्ट झालं, कॅमेऱ्याची पाठ बंद झाली. आप्पा काळोखात म्हणाले, "भरला." तेवढ्यात कशाला तरी माझं कोपर लागलं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी पडली. शालनाक्का बाहेरनं ओरडल्या, "काय फुटलं गं बाई?" त्या लोणच्याबद्दलही मी माफी मागतो. हळूहळू सगळ्याचीच मागत जाईन.

रविवारी सकाळी दहाला आम्ही झाडासमोर. ऊन कडक, वारा भरपूर, आभाळ निळं. आप्पांना आभाळ दिसत नव्हतं, पण मानेला ऊन लागत होतं, तेवढ्यावर ते खूश होते. नागुबाईनं डोक्याला तेल लावलं होतं आणि पेटीतलं हिरवं इरकल नेसलं होतं.

"नागुबाई," आप्पा म्हणाले, "हे लुगडं फोटोत पांढरं येईल, सांगून ठेवतो."

"पांढरं?" नागुबाई उठूनच उभी राहिली. "आमचं मालक जित्तं हाईत अजून!"

"तसलं पांढरं न्हवं गं. चांदण्यागत."

"चांदण्यागत म्हंजे पांढरंच की! कुंकू तरी येतंय का न्हाय?"

"कुंकवाचा भरवसा न्हाय. ह्या फिल्मला लाल दिसत न्हाय नीट. फिकं पडंल."

"लुगडं पांढरं आनि कपाळ रिकामं. आप्पा, तुमी माझा फोटो काढाय लागलाय का माझ्या मालकाचं काय बघाय लागलाय?"

नागुबाईचा नवरा गाड्यामागं बसून बिडी ओढत होता. त्यानं हात वर करून आपण जिवंत असल्याचं सांगितलं. मग नागुबाई बसली.

तिपाईवर कॅमेरा झाडापासून पंचवीस पावलांवर, तोंड जरा वर. आता कामाचं सांगतो, कारण माझी चूक इथंच आहे. या फिल्मसाठी लेन्सवर एक फिल्टर लावावा लागतो. तो इतका गडद असतो की तो लावला की कॅमेऱ्यातनं आपल्याला काहीच दिसत नाही, काळी पाटी. म्हणून आधी उघड्या डोळ्यानं फोकस करायचा. पण न दिसणारा उजेड दिसणाऱ्या उजेडाच्या जागी जमत नाही, थोडा पुढंमागं जमतो. त्यासाठी जुन्या लेन्सवर मधल्या रेघेशेजारी एक बारीक लाल खूण असते. जे अंतर मधल्या रेघेवर आलं, ते सरकवून त्या लाल खुणेवर आणायचं. मग फिल्टर लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

"फोकस झाला?" आप्पांनी विचारलं.

"झाला."

"आता लाल खुणेवर आण."

मी बघितलं. लेन्सच्या कड्यावर, आकड्यांच्या बाजूला, छान गोल लाल खूण होती.

"आणलं."

"खूण दिसली न्हवं नीट?"

"लई ठळक हाय."

"ठळक? लई बारीक असतीया ती. तांदळाच्या कणीएवढी. रंगबी उडला असंल आता."

"आप्पा," मी म्हणालो, "माझे डोळे चांगले हायत."

एवढं एक वाक्य परत घ्यायची सोय कुठं असेल तर मला कळवा.

आप्पांची पद्धत अशी की एकदा फोकस लावला की कड्याला चिकटपट्टी मारायची, म्हणजे काही हलत नाही. मी चिकटपट्टी मारली. वाऱ्यानं आणि ट्रकच्या फुफाट्यानं पानं सळसळत होती, आणि नागुबाई कधी गप्प बसेल याचा नेम नव्हता. म्हणून आप्पा म्हणाले, "तोंड उघडं ठेव, वेग साठ." म्हणजे लेन्सचं भोक मोठं आणि फोटो सेकंदाच्या साठाव्या हिश्शात. भोक बारीक ठेवलं असतं तर माझी चूक थोडी झाकली गेली असती. ती संधीही अशी गेली. मी छत्तीसच्या छत्तीस काढले. काही झाडाचे, काही नागुबाईचे, एक नवऱ्यासकट. काढताना आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि दर वेळी खट्ट झालं की हळू आवाजात "व्हय" म्हणत होते. छत्तीस वेळा व्हय.

मंगळवारी दोन मशीन आली. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. नागुबाईनं गाडा विजेच्या खांबाखाली हलवला. खांबाला सावली असते, पण ती एका माणसापुरती आणि सरकती. गिऱ्हाइकं तिच्याबरोबर सरकत चहा पितात.

डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, कोल्हापूरहून येस्टीनं यायचा होता, तो गुरुवारी आला. लोणच्याच्या खोलीत परत वाकळा लागल्या. रिमोट परत गोळा केले. या वेळी त्या आजीनं आधीची पावती दाखवली आणि सेलही दिले नाहीत. फिल्म धुतली आणि वाळत टाकली. शुक्रवारी मी ती उजेडात धरली.

झाड पांढरं आलं होतं. आभाळ काळं आलं होतं. पण छत्तीसच्या छत्तीस चित्रांत झाड म्हणजे ढग, नागुबाई म्हणजे तिळाचा लाडू आणि तिचा नवरा म्हणजे काहीच नाही. फिल्म जुनी, म्हणून वरून थोडी धुरकटही होती. पण धुरकट वेगळं आणि गेलेला फोकस वेगळा, एवढं मला आप्पांनीच शिकवलं होतं.

मी कॅमेरा घेतला. लेन्स पुसायला अंगठा फिरवला. लाल खूण अंगठ्यावर आली.

मधल्या रेघेला अगदी लागून, तांदळाच्या कणीएवढी खरी खूण होती. माझी टिकली तिच्या कितीतरी पलीकडं. म्हणजे झाड पंचवीस पावलांवर आणि माझा फोकस चार पावलांवर. तिथं फक्त हवा होती. हवा अत्यंत टोकदार आली असणार. मी अंगठ्याकडं बघत बसलो आणि सवयीनं तो कपाळाला लावला.

आप्पा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑपरेशनला जायचं होतं. शालनाक्का दारात घेवडा निवडत होत्या.

"काय आलंय रं?" आप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि त्यातनं जे आलं ते असं: "फिल्म गेलीय आप्पा."

"गेलीया? कशानं?"

"उष्णतेनं असंल."

मला वाटलं, उष्णता ही कुणाच्या मालकीची गोष्ट नाही. उन्हाळा दर वर्षी येतो, त्याच्यावर घालावं. आप्पांनी मान दाराकडं वळवली.

"अठरा साली मस्तकाभिषेकाच्या यात्रेला गेलतो. जाताना मेन स्विच कुणी बंद केलता?"

शालनाक्कांचा हात घेवड्यात थांबला. "मी."

"चार दिवस फ्रीज बंद."

"त्यात दूध न्हवतं, दही न्हवतं. रिकामा फ्रीज कशापायी चालू ठेवायचा?"

"आनि रोल?"

"रोल काय खायाची वस्तू हाय व्हय, माझ्या याद ऱ्हायाला?"

"चार दिवस," आप्पा म्हणाले. "त्यात गेली फिल्म. झाडबी गेलं आनि फिल्मबी गेली."

मी तिथं उभा होतो. कपाळाला कुंकू होतं. शालनाक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "देवळात जाऊन आलास वाटतं. बरं केलंस." आणि त्या घेवडा घेऊन आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात शालनाक्का स्तवनिधीच्या देवळाला गेल्या आणि नियम घेऊन आल्या. आमच्या जैनांत माणसं नियम घेतात: कुणी गूळ सोडतं, कुणी दही सोडतं, वर्षभर, चातुर्मासभर, ज्याची जेवढी ताकद. शालनाक्कांनी मीठ सोडलं. मुदत अशी की आप्पांच्या तोंडून "तुझी चूक न्हाय" असं येईपर्यंत. नियम मनातल्या मनात घेतला होता, पण सांगितला गल्लीभर. आप्पांना सांगितला नाही. आप्पांना गल्लीनं सांगितला.

"म्हणून टाका की आप्पा," मी म्हणालो.

"खोटं कसं म्हणू?" आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्याला हिरवा पट्टा होता. "ती खोटं ऐकून मीठ खाईल का? तिला कळंल. मग नियमबी मोडला आनि वर खोटंबी बोललो."

आप्पा हट्टी नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांना शालनाक्कांची काळजी होती. त्यांना फक्त खरं बोलायचं होतं, आणि खरं काय ते मी त्यांना सांगितलेलं होतं: उष्णतेनं असंल.

त्या घरात एकच स्वयंपाक होतो, तो अळणी व्हायला लागला. ताटाशेजारी मिठाची वाटी असायची, आप्पांसाठी. पहिले काही दिवस आप्पांनी मीठ घेतलं. मग समोर बसलेल्या बाईच्या नजरेला नजर न देता मीठ घेणं त्यांना जमेना. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि दुपारी फिरायला जातो म्हणून नागुबाईकडं जाऊन खारे शेंगदाणे खायला लागले. मला दोघंही जेवायला बोलवायची. मी जायचो. अळणी आमटी, अळणी भाकरी, अळणी भात. "कसं झालंय?" शालनाक्का विचारायच्या. मी म्हणायचो, "झक्कास." तीन महिने मी त्या घरात रोज दोन-दोन खोटी बोलून आलोय, एक मोठं आणि एक आमटीबद्दलचं.

नागुबाईकडंही जाणं अवघड झालं. "फोटो आला का रं?" ती विचारायची.

"यायला लागलाय."

"कुठनं, चालत?"

माघ संपताना शालनाक्का देवळाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसल्या. दोन पायऱ्या घसरल्या, मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, मीठ खा, अंगातलं मीठ उतरलंय, या वयात हे बरं नव्हे, पुढच्या वेळी पायरीवर थांबणार नाही. शालनाक्का म्हणाल्या, "ह्यांना सांगा." डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं. आप्पांनी शालनाक्कांना सांगितलं. शालनाक्का आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि आप्पांच्या तोंडून ते तीन शब्द काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निगेटिव्हची पट्टी घेऊन गेलो. तर आता त्या घरात खुर्ची आहे, मी तिच्यावर बसलो आणि सांगितलं. टिकली, अंगठा, चार पावलं, हवा, सगळं. आप्पांचे डोळे आता लख्ख दिसणारे. ते माझ्याकडं बघत होते आणि मी बोलत होतो. बोलून झालं. आप्पा हसले.

"शालननं पाठीवलं व्हय तुला?"

"न्हाय आप्पा! खरंच मी कुंकू लावलं."

"तू लावणार न्हाईस."

"लावलं की!"

"मी नको म्हणून सांगितलंतं. मी सांगितलेलं तू कधी मोडलंस? सहा वर्सं बघतोय तुला." त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "शालनसाठी अंगावर घ्याय लागलास. चांगला पोरगा हाईस."

मी त्यांच्या हातात पट्टी दिली. त्यांनी भिंग लावलं, खिडकीशी गेले आणि बराच वेळ बघितलं. माझ्या मनात आलं, आता दिसेल. एवढं स्वच्छ चुकलेलं काम त्यांना दिसणारच.

"फिल्मचा दाणा सुजलाय," आप्पा म्हणाले. "धूर धरलाय. ही उष्णताच."

"आप्पा, फोकस बघा की!"

"दाणा सुजला की कडा पसरतात. त्याला तू फोकस म्हणाय लागलाईस." ते खिडकीतनंच बोलत होते. "आता दुसरा रोल असता, झाड असतं, तर दाखवलं असतं तुला. कुंकवावर एक फोटो काढला असता, खुणेवर एक. शेजारी ठेवले असते. मग बोललो असतो. त्या झाडाबिगर मी कशावरनं म्हणू, शालनची चूक न्हाय म्हणून?"

शालनाक्का दारात उभ्या होत्या. मनगटाला पट्टी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं वळलो, म्हटलं, ह्या तरी सुटल्या.

"श्रेयस," त्या म्हणाल्या, "माझ्यापायी खोटं बोलू नगंस, बाळ. पाप लागंल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "स्विच मीच बंद केलता."

आणि त्यांनी मला जेवायला बसवलं. अळणी पिठलं होतं. माझ्या पानात मात्र त्यांनी मीठ वाढलं, चांगलं चिमूटभर, आपल्या हातानं. मी खाल्लं.

मी बेळगाव आणि कोल्हापूर पालथं घातलं. एका जुन्या फोटोग्राफरकडं इन्फ्रारेडचा एक रोल निघाला, तोही जुना, तोही फ्रीजमधला. आता फक्त झाड राहिलं. म्हणून काल अर्ज लिहिला. कचेरीत कन्नडमध्येच घेतात म्हणून कन्नड भाषांतर जोडलंय. मूळ मराठी खालीलप्रमाणे.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
रस्ता रुंदीकरण विभाग.

विषय: चिकोडी रोडवरील झाड क्र. १४७ (नांदुर्की) तात्पुरते पुन्हा उभे करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या विभागाने तोडलेले सदर झाड मुळासह, फांद्यांसह व तोडण्याच्या आदल्या रविवारी होती तेवढ्या पानांसह, मूळ जागी एक साठांश सेकंदासाठी पुन्हा उभे करण्यात यावे. दोन फोटो काढावयाचे असल्याने हा कालावधी दोन वेळा मिळावा. दोन्ही वेळी सूर्य सकाळी दहाच्या जागी असावा व आभाळ निरभ्र असावे, याबाबत संबंधित खात्यास आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे. वाहतुकीस अडथळा होणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. फोटो झाल्यावर झाड आपल्या सोयीने परत तोडण्यास अर्जदाराची, तसेच श्रीमती नागुबाई यांची, हरकत राहणार नाही.

सदर प्रकरणी एका ज्येष्ठ महिलेचे मीठ बंद असल्याने, प्रस्तुत अर्जावर तातडीची बाब म्हणून सात दिवसांच्या आत उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.